उळं टाकण्याआधी सांगा

आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते. लग्नाआधी मी बी.कॉम. झाले होते, त्याचा शेतात काय उपयोग, असं सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या. पुढे त्याच आल्यागेल्याला वही दाखवायला लागल्या. निफाड तालुक्यात, विंचूरच्या पलीकडे आमची सहा एकर जमीन आहे. दोन एकर द्राक्षबाग, बाकी कांदा, आणि पावसाळ्यात मका नाहीतर सोयाबीन. द्राक्ष आणि कांदा या दोन पिकांची पानं मी समोरासमोर ठेवते. द्राक्षाच्या पानावर औषधं, छाटणीची मजुरी, तार-बांबू आणि शेवटी हातात आलेला भाव. कांद्याच्या पानावर हे सगळं आहेच, पण २०१९ पासून तिथे एक जादा रकाना पाडला आहे. त्याच्या डोक्यावर 'दिल्ली' असं लिहिलं आहे.

त्या रकान्यात एकाच पिकाच्या किती नोंदी झाल्या, ते वाचकांपुढे ठेवते. पीक २०२३-२४ चं, उन्हाळ कांद्याचं.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आम्ही उळं टाकलं, म्हणजे रोपासाठी बी पेरलं. वाफ्याला पाणी सुटतंय तोच, २८ ऑक्टोबरला, केंद्राने कांद्याचं किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरवलं. म्हणजे साधारण ६७ रुपये किलोच्या खाली कुणी परदेशात कांदा विकायचा नाही. डिसेंबर उजाडला, रोप लागणीला आलं, आणि ८ तारखेपासून निर्यातच बंद झाली. मुदत ३१ मार्चपर्यंत. ती तारीख धरून आम्ही लागण केली, मजुरांना उचल दिली, कांदा साठवायच्या चाळीचे पत्रे बदलून घेतले. मार्चमध्ये कांद्याच्या माना पडायला लागल्या तेव्हा २२ तारखेचा आदेश आला: बंदी पुढील आदेशापर्यंत कायम. एप्रिलच्या शेवटी कांदा काढून शेतात पातीखाली सुकत होता. त्या आठवड्यात आधी गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाल्याची बातमी आली. त्यावर इकडे ओरड झाली, तेव्हा सरकारने सांगितलं की बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांसाठी ९९,१५० टनांना मुभा आहे. ४ मे रोजी बंदी उठली. उठताना ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क मागे ठेवून गेली. दोन्ही मिळून किलोला ६४ रुपयांच्या आसपास जातं, म्हणजे दार उघडलं पण कडी तशीच. कांदा चाळीत गेला. १३ सप्टेंबरला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. तोवर चाळीतला बराच माल एकतर विकला होता, नाहीतर सडून बांधावर टाकला होता.

एका पिकाच्या आयुष्यात सहा नोंदी. उळं टाकताना जो नियम होता, तो चाळ झाडून काढेपर्यंत शिल्लकच राहिला नव्हता. शेजारच्या रकान्यात मी निवडणुकांच्या तारखाही लिहून ठेवल्या आहेत. ४ मेनंतर १६ दिवसांनी नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान होतं. १३ सप्टेंबरनंतर दोन महिन्यांनी राज्यात विधानसभेचं. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे निवडून आले. त्याला कांदा कारणीभूत होता हे सत्ताधाऱ्यांनीही नंतर मान्य केलं. मतदारांनी राग काढला, ठीक आहे. पण त्या रागाने माझ्या चाळीतल्या कांद्याला रुपयाही जास्त मिळाला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निर्यात बंद झाली तर एवढा काय फरक पडतो? देशात पिकणाऱ्या कांद्यातला दहा टक्के माल जेमतेम बाहेर जातो, उरलेला नव्वद टक्के इथेच खपतो की. हा प्रश्न मला टीव्हीवरच्या तज्ज्ञांनीही विचारलेला ऐकला आहे. त्यांनी एकदा लासलगावला नाहीतर आमच्या विंचूरच्या उपबाजारात सकाळी येऊन उभं राहावं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागलेल्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो, सोबत पुकारा करणारा बाजार समितीचा माणूस. कुणी ट्रॉलीत हात घालून खालचा कांदा वर काढतो, कारण वरचा थर सगळेच चांगला लावतात. (आम्हीही.) कुणी दोन बोटांनी मान दाबून बघतो, कच्ची आहे का. कुणी पत्ती चोळतो. गोल्टी किती, जोड कांदा किती, डेंगळ्याचा किती, हे त्यांना एका नजरेत दिसतं. मग बोली. एका ट्रॉलीचा सौदा मिनिटभरात होतो आणि आमच्या सहा महिन्यांचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून हातात येतो.

त्या घोळक्यात दोन जातीचे खरेदीदार असतात. एक लोकलवाले, जे माल दिल्ली, कोलकाता, बिहारकडे पाठवतात. दुसरे एक्स्पोर्टवाले, ज्यांच्या खळ्यावर दुबई, कोलंबो, मलेशियाच्या गोण्या भरल्या जातात. एक्स्पोर्टवाला संख्येने कमी असतो, पण तो बोलीत उतरलेला असला की लोकलवाल्याला वरचे शंभर-दोनशे वाढवावेच लागतात, नाहीतर ट्रॉली हातची जाते. त्याने हात मागे बांधले की सगळा घोळका सैलावतो. माल तेवढाच, शेतकरी तोच, फक्त शेवटची बोली बोलणारा गेला. त्याने दहा टक्केच माल उचलला तरी शंभर टक्के मालाचा भाव तोच ठरवत असतो.

डिसेंबर २०२३ मध्ये आमचा थोडा लाल कांदाही होता. लाल कांदा चाळीत ठेवण्यासारखा नसतो. त्याची पत्ती पातळ, अंगात पाणी जास्त, दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. उन्हाळ कांद्यावाला निदान थांबू शकतो, लाल कांद्यावाल्याला थांबायची सोयच नाही. बंदीच्या आधी गेलेल्या ट्रॉलीची हिशोबपट्टी आणि नंतर गेलेल्या ट्रॉलीची, दोन्ही मी वहीत टाचणीने जोडून ठेवल्या आहेत. पहिलीवर क्विंटलला ३,८०० आहे, दुसरीवर १,८५०. वाण एक, वावर एक. दुसऱ्या ट्रॉलीच्या वेळी वर्षानुवर्षं आमचा माल घेणारा एक व्यापारी ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माल एक नंबर आहे, पण घेऊन टाकू कुठे? कंटेनर बंदरावर उभे आहेत." त्या आठवड्यात मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडला रास्ता रोको झाला, शरद पवार येऊन गेले, बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. लिलाव सुरू झाले तेव्हा भाव आणखी खाली होता, कारण अडकलेला सगळा माल एकदम आला.

बंदी नसती तर भाव पडलाच नसता, असं मी म्हणत नाही. डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढत जाते आणि भाव उतरतोच. उतरणं आम्हाला माहीत आहे, ते धरूनच आम्ही पेरतो. एका रात्रीत निम्मा होणं धरून कुणी पेरत नाही.

शुल्काचं गणित त्याहून बेमालूम. ऑगस्ट २०२३ मध्ये १९ तारखेला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. तेव्हा सांगितलं गेलं की हे शुल्क व्यापाऱ्यावर आहे, शेतकऱ्याने घाबरायचं कारण नाही. आता बघा. जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत १०० रुपये धरली तर ४० रुपये सरकारात भरायचे. हे ४० रुपये दुबईच्या गिऱ्हाइकाकडून काढता येत नाहीत, कारण त्याच्यापुढे पाकिस्तानचा, इजिप्तचा, तुर्कस्तानचा कांदा ठेवलेला आहे. गोणीवाला आपली किंमत कमी करत नाही. ट्रकवाला करत नाही, जहाज कंपनी तर नाहीच नाही. या सगळ्या साखळीत एकच दर असा आहे जो खाली दाबता येतो, आणि तो ठरतो माझ्या ट्रॉलीपाशी. शुल्काची पावती व्यापाऱ्याच्या नावावर फाटते, पैसे माझ्या वहीतून जातात.

आता माझी नणंद. ती डोंबिवलीला राहते, दोघं नवरा-बायको नोकरी करतात, खाणारी तोंडं पाच. कांदा चढला की तिचा फोन येतो. "वहिनी, ऐंशीने घेतला आज. तुमची चंगळ आहे बाई." चंगळ नाही ताई, असं मी म्हणते, पण तिचं खोटंही नसतं. तिला ऐंशीनेच घ्यावा लागलेला असतो. तिच्या वस्तीतल्या धुणंभांडं करणाऱ्या बाईला तर पाव किलोवर भागवावं लागतं. म्हणून ग्राहकाचं काय ते बघू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. मी म्हणते, ऐंशीतले माझ्याकडे किती आले ते तरी बघा. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्यावर एक निबंध लिहिला. त्यात कांद्याच्या बाबतीत ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला सुमारे ३६ पैसे मिळतात असा हिशेब आहे. उरलेले ६४ वाटेत. भाव चढला की सरकारचा हात मात्र त्या ३६ कडेच जातो. ६४ पैशांत आडवं पडणारं कुणी मला आजवर दिसलेलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी? २०१२ पायाभूत धरून किरकोळ महागाईचा जो निर्देशांक काढला जायचा, त्यात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. शंभर रुपयांच्या खर्चात ६४ पैसे. घरभाडं, औषधं, शाळेची फी, पेट्रोल यांच्यापुढे कांदा कुठे बसतो ते आपल्या घरच्या वहीत बघावं. पण कांदा रोज हातात येतो, त्याचा भाव तोंडपाठ असतो. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने घालवलं, ही आठवण सगळ्या पक्षांनी जपून ठेवली आहे. तेव्हापासून कांदा हे पीक कृषी खात्याचं कमी आणि निवडणूक खात्याचं जास्त झालं.

गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर तो सरकारने तिजोरीतून द्यावा. बाजारभावाने विकत घ्यावा, रेशनवर हव्या त्या किमतीला विकावा, फरक अंदाजपत्रकात दाखवावा. अर्धी वाट सरकार चाललेलंही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्कावरून रान पेटलं तेव्हा २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन घेण्याचं जाहीर झालं आणि शहरांत २५ रुपये किलोने विक्री झाली. त्यातला तोटा देशाने सोसला, ते योग्यच झालं. पण त्याच वेळी ४० टक्के शुल्कही चालू होतं. तिजोरीतून दिलेली मदत दिसते, तिची बातमी होते. शुल्कातून आणि बंदीतून काढून घेतलेलं कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही.

हे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सांगून ठेवलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. त्यांनी आपल्या शेतीचा हिशेब मांडला, आणि पहिली आंदोलनं कांद्यावरच उभी राहिली. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले गेले. माझे सासरे त्यात होते. शेतकऱ्याला सरकार देतं त्याहून जास्त काढून घेतं, सबसिडी उणे आहे, हे जोशींचं म्हणणं तेव्हा बऱ्याच विद्वानांना अतिरेकी वाटायचं. पुढे २०१८ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीची इक्रिअर या संस्थांनी मिळून भारताच्या कृषी धोरणाचा आढावा घेतला. २००० ते २०१६ या काळात, खत-विजेची मदत जमेला धरूनही, धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याच्या एकूण मिळकतीत सरासरी सुमारे १४ टक्के घट झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचं मोठं कारण निर्यातीवरचे निर्बंध. सासरे तोवर वारले होते, नाहीतर त्यांना वाचून दाखवलं असतं.

निर्यात करणारा देश म्हणवून घ्यायचं तर त्याची एक किंमत असते. घरात भाव चढला तरी बाहेर दिलेला शब्द पाळावा लागतो. न्यूझीलंडचं उदाहरण या बाबतीत बघण्यासारखं आहे. तिथल्या दुधापैकी सुमारे ९५ टक्के दूध भुकटी, लोणी, चीज होऊन बाहेर जातं. १९८४ साली तिथल्या सरकारने शेतीची जवळजवळ सगळी अनुदानं काढून घेतली. शेतकरी होरपळले, काही उठले, बाकीचे सावरले. पण अनुदान काढून घेतलं तसं सरकारने बाजारातलं बोटही काढून घेतलं. २०२५ मध्ये लोण्याचा भाव तिथे वर्षभरात जवळपास दीडपट झाला. गाईंच्या देशात लोणी परवडत नाही म्हणून लोक चिडले. अर्थमंत्री निकोला विलिस यांनी फोंटेरा या शेतकऱ्यांच्या बलाढ्य सहकारी कंपनीच्या प्रमुखांना भेटीला बोलावलं. भेट झाली, पेपरात फोटो आले. निर्यात थांबली नाही. आपल्याकडे असतं तर लोण्याचे कंटेनर बंदरातून परत आले असते.

उलट टोकाला अर्जेंटिना. २००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष नेस्टर किर्चनेर यांनी घरात गोमांस स्वस्त राहावं म्हणून त्याची निर्यात सहा महिने थांबवली, पुढे कोटे लावले. काही काळ मांस स्वस्त झालंही. पण पशुपालकांनी गाई विकून टाकल्या आणि कुरणांवर सोयाबीन पेरलं. पाच वर्षांत देशातली गुरं सुमारे एक कोटीने घटली आणि मांस पूर्वीपेक्षा महाग झालं. शेजारच्या चिमुकल्या उरुग्वेने मांस निर्यातीत काही वर्षं अर्जेंटिनाला मागे टाकलं. ग्राहकाच्या नावाने केलेला उपाय शेवटी ग्राहकावरच उलटला.

आपला उरुग्वे कोण? एक नाही, अनेक आहेत, आणि त्यांना जागा आपणच करून दिली. आपल्या कांद्याचं वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण एका दुपारी निर्यात बंद केली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्या हसत म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला कांदा घालू नको असं सांगून ठेवलंय, आणि पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. सभेत हशा पिकला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, आपण पुन्हा न कळवता बंद केली आणि ट्रक सीमेवर कुजले. गिऱ्हाइकाने यातून जे शिकायचं ते तो शिकला. त्याने घरचा कांदा वाढवला, चीन, इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानकडे विचारणा सुरू केली, आणि स्वतःच्या हंगामात आपला कांदा सीमेवर अडवायला लागला.

आकडे त्याचीच साक्ष देतात. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता, साडेचार हजार कोटींचा. २०२३-२४ मध्ये १७ लाख टन. २०२४-२५ मध्ये मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पावणेबारा लाखही भरला नव्हता. १ एप्रिल २०२५ ला उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं. कुठलंच बंधन उरलं नाही. त्या वर्षी उन्हाळ कांदा मुबलक पिकला होता, सरकारचा अंदाज २२७ लाख टनांचा, आदल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त. माल बाहेर जायला हवा होता तेव्हा बाहेर घेणारा नव्हता. आम्ही हजार-बाराशेने विकला. एकरी खर्च, चाळीतली घट आणि वाहतूक धरली तर माझ्या वहीत उत्पादन खर्चच क्विंटलला पंधराशेच्या पुढे जातो. तेव्हा दिल्लीने काहीही केलं नव्हतं, म्हणून 'दिल्ली'च्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. पण ती पाच वर्षांची उधारी होती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

राज्य सरकार मधूनमधून हातभार लावतं. २०२३ च्या वसंतात लाल कांद्याचे भाव तळाला गेले तेव्हा क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान दिलं. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, विक्रीपट्टी हवी, बँकेचं पासबुक हवं. ज्यांनी बटाईने जमीन केली होती ते बाहेर राहिले. मी कागद जुळवले, आम्हाला मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यावर घर चालत नाही.

आता वहीचं समोरचं पान, द्राक्षाचं. द्राक्ष कुणाच्या रोजच्या भाजीत पडत नाही आणि द्राक्षाच्या भावावर निवडणूक हरल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे त्याच्या निर्यातीला दिल्लीने कधी हात लावला नाही. मग काय झालं? १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष बागायतदारांची निर्यात संस्था उभी राहिली. २००६ पासून अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर बागांची नोंद सुरू झाली, पेटीवरच्या आकड्यावरून बाग सापडते. २०१० मध्ये लिहोसिन या औषधाच्या अंशावरून युरोपने आपले कंटेनर अडवले, अनेक बागायतदार बुडाले. त्यानंतर आमच्याकडे लोक औषधाच्या बाटलीवरचे दिवस मोजून फवारायला शिकले. मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी वाढली. २०२३-२४ मध्ये, ज्या वर्षी कांदा बंदीखाली चिरडला गेला त्याच वर्षी, देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षं गेली, ३,४६० कोटींची. कांद्याच्या क्षेत्रापुढे द्राक्षाचं क्षेत्र काहीच नाही, तरी हा आकडा.

द्राक्षात सुख आहे असं कुणी समजू नये. अवकाळीचा एक ढग सगळं घेऊन जातो, आणि एकदा एका व्यापाऱ्याने आमच्या अख्ख्या बागेचे पैसे बुडवले ते अजून यायचे आहेत. पेरू देशातले द्राक्षाचे नवे वाण युरोपच्या दुकानात आमच्या जुन्या थॉमसनला मागे सारत आहेत. पण ही सगळी धंद्यातली जोखीम आहे. तिला तोंड द्यायला माणूस शिकतो, औषध बदलतो, वाण बदलतो, व्यापारी बदलतो. कांद्यात मी काय बदलू? चांगली साठवण केली, मोठ्या घेराचा, डबल पत्तीचा, निर्यातीजोगा कांदा पिकवला, तर बंदीच्या दिवशी माझंच नुकसान जास्त. म्हणून आमच्याकडे कांद्यात कुणी पैसा घालत नाही. शीतगृह बांधत नाही, प्रतवारीचं यंत्र आणत नाही. हे शेतकऱ्याचं अडाणीपण आहे असं शहरात समजतात. त्यांनी माझा रकाना वाचावा.

निर्यात कायमची आणि बिनशर्त खुली ठेवा, अशी मागणी आमच्या संघटनांची आहे. मला ती पटते, पण मानली जाईल असं वाटत नाही. दुष्काळ पडेल, भाव दीडशेवर जाईल, आणि कुठलंही सरकार हात बांधून बसणार नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे. शुल्क लावायचं असेल तर लावा, किमान मूल्य ठेवायचं असेल तर ठेवा, अमुक भावाच्या वर गेलं की अमुक टक्के, असं आकड्यात लिहा. मला ते कडक वाटलं तर मी कांदा कमी लावीन आणि हरभरा पेरीन. दुबईच्या गिऱ्हाइकालाही कळेल की भारताकडून माल कधी मिळेल आणि कधी नाही. फक्त ते आधी सांगा.

उन्हाळ कांद्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतं आणि शेवटची चाळ पुढच्या ऑक्टोबरात रिकामी होते. तेव्हा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत येत्या पिकाचं निर्यात धोरण राजपत्रात छापा, आणि तो कांदा विकून होईपर्यंत, मधे निवडणूक आली तरी, त्यात खाडाखोड करू नका.